पांढरी पाच, किंचित चढी

मामांचा पंचवटीत लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा होता. धंदा बसला, पुढे मामाही गेले. रविवार कारंजाजवळचा गाळा मामेभावाला मिळाला आणि व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर मला. हे आपलं सहज सांगितलं, तक्रार म्हणून नाही.

गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये धूड टीपॉयवर मांडलं. काचेतल्या तारा हळूहळू नारिंगी झाल्या. मी डोळे मिटून भूप ऐकायला बसलो आणि स्पीकर बोलला, "घूंऽऽऽ."

"गिरणी लावलीत का?" बायकोने आतून विचारलं.

आवाजाचं बटण शून्यावर नेलं. भूप गेला, घूं तशीच. हे लक्षण महत्त्वाचं असतं म्हणे: आवाज कमी केल्यावर गुणगुणही कमी झाली तर दोष बटणाच्या अलीकडे, नाहीतर पलीकडे. म्हणजे आमचं दुखणं पलीकडचं. खात्रीसाठी इनपुटची वायर काढली. घूं. बंद करून, गार होऊ देऊन, ईसीसी ८३ नावाचा पहिला व्हॉल्व्ह उपसून ठेवला, पुन्हा लावलं. घूं! त्यात आणखी काही उपसायची माझी छाती होईना, कारण एकदा बंद केलेल्या यंत्राच्या पोटात स्क्रूड्रायव्हर घातला आणि थेट सोफ्यावर जाऊन बसलो. प्लग काढला तरी आतल्या कंडेन्सरमध्ये तीनशे व्होल्ट मुरून बसलेले असतात. ते आधी रेझिस्टर लावून उतरवायचे आणि एक हात खिशात ठेवायचा, हे मला सोफ्यावर बसल्यावर आठवलं.

शेजारच्या काकांनी सांगितलं, "थ्री पिनची वरची, अर्थिंगची पिन कापून टाका, आवाज जातो." कधीकधी जातो, हे खरं. पण मग लोखंडी चेसिसमध्ये करंट उतरला तर पाठोपाठ मीही जातो. काका चहा पिऊन गेले.

या सगळ्याला साक्षी होत्या सासूबाई. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी येवल्याहून आलेल्या, डोळ्यावर हिरवं फडकं, येवल्याला चाळीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवलेली. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "जावईबापू, तुमचं यंत्र पांढरी पाचमध्ये आहे. किंचित चढी. खर्जातली."

पांढरी पाच म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी. मी हसलो. मग मोबाइलवर स्वर मोजला आणि हसू जिरलं. शंभर हर्ट्झ! खर्जातली पांढरी पाच अठ्ठ्याण्णवला असते. आपली वीज पन्नास हर्ट्झची. रेक्टिफायर तिच्या दोन्ही बाजूंच्या लाटा सरळ करून घेतो, म्हणून उरलेली थरथर शंभरची होते. ती शोषून घ्यायचं काम फिल्टर कंडेन्सरचं. मामांच्या वेळचा पन्नास अधिक पन्नास मायक्रोफॅरडचा, एकात दोन कंडेन्सर असलेला अ‍ॅल्युमिनियमचा डबा आतून केव्हाच सुकून गेला होता. एवढं निदान फडक्याआडून झालं.

कंडेन्सर आणायला महात्मा गांधी रोडला गेलो. चार दुकानांत मोबाइलची कव्हरं दाखवली. पाचव्यात एक म्हातारे गृहस्थ निघाले, त्यांनी आधी "रेक्टिफायर कोणता?" असं विचारलं आणि मला गहिवरून आलं. ईझेड ८१, म्हटलं. त्यांच्या पोऱ्याने दोनशेवीसचा काढला होता, "मोठा घ्या साहेब, चांगलाच." म्हातारबांनी तो परत ठेवायला लावला. ईझेड ८१ ला पहिला कंडेन्सर पन्नास मायक्रोफॅरडच्या वर चालत नाही. चालू करताना मोठा कंडेन्सर इतका करंट ओढतो की व्हॉल्व्हच बसतो. सत्तेचाळीसचे दोन घेतले, साडेचारशे व्होल्टचे.

रविवारी मिसळ खाऊन बसलो ते दिवेलागणीपर्यंत सोल्डर करत होतो. लावलं. शांतता. सासूबाईंनी मान तिरकी केली. "आहे अजून. एक सप्तक खाली गेलाय."

म्हणजे पन्नास. कान लावला तर खरंच, तळाशी बारीक घूं. पण ईसीसी ८३ काढला की जाई, म्हणजे हा पाहुणा वेगळा. शेवटी लक्षात आलं, गाणं लॅपटॉपवरून येत होतं आणि लॅपटॉपचा थ्री पिन चार्जर दुसऱ्या सॉकेटमध्ये होता. दोन अर्थिंग, मधे वायर, झाला फेरा पूर्ण. चार्जर काढून बॅटरीवर लावला आणि आवाज मेला. एवढी साधी गोष्ट आधी केली असती तर, हे वाक्य बायकोने पूर्ण केलं नाही, नुसतं ताटं मांडताना वाजवली.

भूप लावला. पहिल्यांदाच षड्जामागे काही नव्हतं. मी अभिमानाने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरलेला.

"छान झालं," त्या म्हणाल्या. "माझी पट्टी पांढरी पाच. पेटी येवल्याला राहिली. तुम्ही ऑफिसला गेलात की मी हे लावून हरिपाठ म्हणत होते."

मग त्यांनी पदराआडून काहीतरी काढलं. मी केराच्या डब्यात टाकलेला मामांचा कंडेन्सर होता, नीट पुसलेला.

"फडकं सुटेपर्यंत परत बसवता येईल का हो?"