‘कुत्री खोटं बोलत नाहीत’ म्हणणाऱ्या सत्यशोधकांना

मागच्या आठवड्यात मॅडलिन मॅकॅनवर लिहिलं होतं त्याखाली ‘सत्यशोधक’ नावाने एक प्रतिक्रिया आली. तिथेच दोन ओळींत उत्तर देणार होते, पण टाइप करायला बसले आणि चहा गार झाला तरी संपेना, म्हणून इथे वेगळं टाकतेय. मूळ पोस्ट ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ३ मे २००७ च्या रात्री पोर्तुगालमधल्या प्राया दा लूझ गावी सुट्टीला गेलेल्या ब्रिटिश डॉक्टर जोडप्याची मुलगी, चार वर्षांची व्हायला नऊ दिवस बाकी होते, झोपल्या खोलीतून नाहीशी झाली. आईबाप तेव्हा जवळच्या रेस्टॉरंटमध्ये जेवत होते, ‘५० मीटरवर’ असं मी लिहिलं होतं. आजपर्यंत तिचा पत्ता नाही. आणि आईबापांनीच काहीतरी केलं असणार ही जी थिअरी आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवरसुद्धा फिरत असते तिला पुरावा नाही, एवढंच मी म्हटलं होतं.

आता प्रतिक्रिया, एक शब्द न गाळता:

“मॅडम, तुम्ही आई आहात म्हणून भावनेच्या भरात वाहवत गेलात हे समजू शकतो. पण दोन डॉक्टर तीन पोरांना एकटं टाकून वाइन प्यायला जातात, ट्रेनिंग दिलेली कुत्री त्यांच्याच फ्लॅटमध्ये आणि त्यांच्याच गाडीत भुंकतात, डीएनए १९ पैकी १५ जुळतो, आई पोलिसांच्या ४८ प्रश्नांना तोंड उघडत नाही, आणि तुम्ही वकीलपत्र घेता! माणसं खोटं बोलतात, कुत्री खोटं बोलत नाहीत. रेस्टॉरंटही ५० मीटरवर नव्हतं. निठारीच्या गरीब आईबापांसाठी कधी एवढं लिहिलंत का? लिहिण्याआधी थोडा अभ्यास करावा ही नम्र विनंती.”

नम्र विनंती. वा.

आधी टोपणनावाबद्दल. सत्यशोधक हा शब्द महाराष्ट्रात जोतीरावांनी कमावलेला आहे, तो लावून यूट्यूबचे तीन व्हिडिओ बघून आलेला माल खपवू नये. ठीक आहे, तीन नसतील, पाच असतील.

दुसरं, ‘तुम्ही आई आहात म्हणून’. मी ती पोस्ट पुन्हा वाचली. त्यात स्वतःच्या मुलीचा उल्लेख एकदाही नाही. म्हणजे तुम्ही मुलीच्या डब्यावरच्या माझ्या जुन्या पोस्टमधून शोधून काढलंत की ह्या बाईला पोर आहे, आणि मग ठरवलंत की हिचं डोकं बंद असणार. हेच एखाद्या पुरुषाने लिहिलं असतं तर ‘सर, तुम्ही बाप आहात म्हणून भावनेच्या भरात’ असं लिहिलं असतंत का? नसतं लिहिलं. सरांना ‘उत्तम विश्लेषण’ आणि वर हात जोडलेला इमोजी मिळाला असता. अकरा वर्षं ब्लॉग लिहितेय, मला माहितीये कुणाला काय मिळतं ते.

मीटरचं मात्र तुमचं बरोबर आहे. ५० मीटर हे सरळ रेषेतलं अंतर झालं, म्हणजे कावळा गेला तर. माणसाला रिसॉर्टच्या गेटमधून, पूलला वळसा घालून जायला ८०-९० मीटर पडायचे. मूळ पोस्टमध्ये दुरुस्त केलंय. आणि मुलांना तसं ठेवून जाणं चूक होतं हेही मान्य, ते तर मॅकॅन नवराबायको स्वतः इतकी वर्षं कबूल करतायत, त्यात तुम्ही नवीन काय सांगितलंत.

आता कुत्री. ह्या एका वाक्यावर तुमची सगळी इमारत उभी आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते, वाचाल का माहीत नाही.

दोन होती, ब्रिटनमधून आणलेली, स्प्रिंगर स्पॅनियल जातीची. एडी आणि कीला. तुम्ही दोघांनाही भुंकायला लावलंत, तर तसं नाहीये. एडी भुंकायचा. कीला भुंकायची नाही, ती वास आला की नाक तिथेच टेकवून थिजून उभी राहायची. तिचं काम फक्त माणसाचं रक्त. एडी मृतदेहाच्या वासाला भुंकायचा, पण जिवंत माणसाच्या वाळलेल्या रक्तालाही भुंकायचा. म्हणजे दाढी करताना कापलेल्या गालाचं रक्त फरशीवर पडून वाळलं असेल तरी एडी भुंकणार, आणि इथे बसून आपण म्हणणार बघा प्रेत होतं.

बरं, ही कुत्री कधी आली? जुलै संपता संपता. म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांनी. पहिल्याच रात्री फ्लॅट सील व्हायच्या आधी वीसेक माणसं त्यात ये-जा करून गेली होती, आणि नंतर महिनाभर रिकामा ठेवून तोच ‘५ ए’ फ्लॅट दुसऱ्या टुरिस्टांना चक्क भाड्याने दिला होता! आपल्याकडे चोरी झालेल्या घरात शेजारणी चहा घेऊन येतात आणि कपाटाला हात लावून ‘अगंबाई इथनं नेलं होय’ म्हणतात, त्यातलीच गत. आणि ‘त्यांच्याच गाडी’चं म्हणाल तर ती रेनॉ सिनिक मुलगी नाहीशी झाल्यानंतर तीन आठवड्यांहून जास्त दिवसांनी भाड्याने घेतलेली. तोवर जगभरातले कॅमेरे ह्या दोघांच्या तोंडासमोर होते. त्या गर्दीतून ह्यांनी एवढ्या दिवसांनी काहीतरी गाडीत घालून नेलं आणि कुणालाच दिसलं नाही, असं तुमचं म्हणणं. सिनेमात चालेल.

त्या कुत्र्यांना हाताळणाऱ्या मार्टिन ग्राइम यांनीच आपल्या रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलंय की कुत्र्याने दिलेल्या इशाऱ्याला दुसऱ्या पुराव्याचा आधार मिळत नाही तोवर त्याला पुरावा म्हणून किंमत नाही. कुत्र्याचा मालक असं म्हणतोय, आणि आपले सत्यशोधक कुत्र्याच्या वतीने शपथपत्र देतायत. पुढे २००८ मध्ये हाच एडी जर्सी बेटावरच्या एका जुन्या अनाथाश्रमात नेला होता. तिथे भुंकला, खणलं, लहान मुलाच्या कवटीचा तुकडा सापडला म्हणून जगभर बातम्या झाल्या. नंतर तपासणीत कळलं की ती कवटी नव्हेच, लाकूड असेल नाहीतर नारळाची करवंटी. आता ह्यात एडी खोटं बोलला का? नाही हो. कुत्रं खोटंही बोलत नाही आणि खरंही बोलत नाही, ते भुंकतं. त्याचा अर्थ माणसं लावतात, आणि ती माणसं तुमच्याच म्हणण्यानुसार खोटं बोलतात, मग?

‘१९ पैकी १५’ वाचून तुम्हाला दहावीच्या मार्कांसारखं वाटतंय, जवळजवळ ऐंशी टक्के, पास. मुलीच्या डीएनएचे घटक १९, पण बर्मिंगहॅमच्या लॅबने गाडीतला जो नमुना तपासला त्यात एकूण ३७ घटक होते, तीन ते पाच माणसांचे एकमेकांत मिसळलेले, आणि मुलीचे घटक म्हणजे निम्मे आईचे निम्मे बापाचे. त्या मिसळीतून १५ तिचे म्हणून दाखवता येतात, तसे बाकीच्यांचेही दाखवता येतील. लॅबच्या शास्त्रज्ञानेच कळवलं होतं की अर्थ लावता येणार नाही इतकं हे गुंतागुंतीचं आहे. पण पेपरवाल्यांना गुंतागुंत छापायची नव्हती. मार्च २००८ मध्ये ब्रिटनच्या एक्स्प्रेस ग्रुपला मॅकॅन नवराबायकोची पहिल्या पानावर माफी मागावी लागली, वर साडेपाच लाख पौंड द्यावे लागले. आणि त्याआधी, पहिल्या दोनच आठवड्यांत, दुभाषी म्हणून मदत करणाऱ्या तिथल्याच एका ब्रिटिश माणसाला संशयित केला होता, का, तर म्हणे फारच पुढे पुढे करतो! त्यालाही नंतर ब्रिटिश वृत्तपत्रांनी सहा लाख पौंड भरपाई दिली. पुढे पुढे केलं तरी संशय, मागे राहिलं तरी संशय.

अभ्यासाचं म्हणालात ना. आम्ही २००६ ते २००९ लेस्टरला होतो, नवऱ्याचा प्रोजेक्ट होता. मॅकॅन मंडळींचं रॉथली गाव तिथनं अगदी जवळ. मे महिन्यात मी बसने गेले होते. गावाच्या मधोमध युद्धस्मारक आहे, त्याच्या कठड्याला इतक्या पिवळ्या रिबिनी बांधलेल्या की दगड दिसत नव्हता, खाली खेळण्यांचा ढीग, पाऊस पडून गेलेला, भिजून जड झालेलं एक टेडी तोंडावर पडलं होतं ते मी उचलून सरळ बसवलं. माझ्या शेजारणीनेही रिबीन बांधली होती. तीच शेजारीण सप्टेंबरमध्ये, ७ तारखेला दोघांना अधिकृतपणे संशयित केल्याची बातमी आल्यावर, कुंपणापलीकडून मला सांगत होती की मला पहिल्यापासूनच वाटत होतं, टीव्हीवर बघ ना, ती बाई रडतच नाही.

हे वाक्य ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण ते मी आधी ऐकलेलं होतं. मराठीत.

मी नऊ वर्षांची असताना आमच्या गावच्या जत्रेत माझा चुलतभाऊ हरवला. चार वर्षांचा होता. काकू त्याची सख्खी आई नव्हे, काकांची दुसरी बायको. बत्ताशाच्या दुकानापाशी तिने त्याचं बोट सोडून पैसे मोजले, तेवढ्यात पोर गायब. लाउडस्पीकरवर पुकारा सुरू झाला, निळी चड्डी, पांढरा सदरा, कपाळावर बुक्का. तास गेला, दीड तास गेला. काकू दुकानापाशीच बत्ताशाचा पुडा हातात घेऊन उभी, म्हणत होती मी हललं तर तो परत येऊन शोधायचा कुठे, आणि डोळ्यात टिपूस नाही. बायका जमल्या. एकीने दुसरीच्या कानात सांगितलं, सावत्र ना ती, रडेल कशाला. नऊ वर्षांच्या मुलीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. तीन तासांनी पोरगं तमाशाच्या कनातीमागे गोधड्यांच्या ढिगात झोपलेलं सापडलं. सुखरूप. तेव्हा काकू रडली, ते बघायला कुणी थांबलं नव्हतं. आणि २००९ मध्ये आम्ही परत आलो त्याच वर्षी त्याचं लग्न झालं, तर मांडवात एक म्हातारी नव्या नवरीला काकू दाखवून सांगते, हीच ती, जत्रेत पोर सोडून आलेली.

तर साहेब, मी भावनेच्या भरात लिहिलं असेल, पण ती भावना कुठून आली ते आता कळलं असेल. तुमचा अभ्यास व्हिडिओतला, माझा मांडवातला.

उरलेलं पटकन. ४८ प्रश्न: ते मुलीच्या आईला आर्गीदो, म्हणजे अधिकृत संशयित, केल्यावर विचारलेले होते, आणि त्या अवस्थेत गप्प बसायचा हक्क तिथला कायदाच देतो, वकीलही तेच सांगतो. आपल्या घटनेत कलम २० (३) आहे, वाचून घ्या, कधी वेळ आली तर तुम्हालाही उपयोगी पडेल. २१ जुलै २००८ ला ती केस बंद करताना दोघांवरचा तो शिक्का काढलाही. तपासातून काढून टाकलेल्या गोंसालो आमाराल ह्या अधिकाऱ्याने आईबापांवरच संशय घेणारं पुस्तक लिहिलं, त्यावरचा खटला मॅकॅन हरले, युरोपच्या मानवाधिकार कोर्टातही २०२२ मध्ये हरले, हे तुम्ही पुढच्या प्रतिक्रियेत टाकणार हे मला दिसतंय, म्हणून आधीच सांगते: त्याला ते म्हणायचा हक्क होता एवढंच ठरलं. तो म्हणाला ते खरं आहे असं कुठल्याही कोर्टाने म्हटलेलं नाही.

आणि गंमत म्हणजे तुमच्या एवढ्या लांब प्रतिक्रियेत जर्मनी हा शब्दच नाही. २०२० च्या जूनपासून ब्राउनश्वाइगचे सरकारी वकील एका जर्मन माणसाकडे बोट दाखवतायत, ज्याला त्याच प्राया दा लूझमध्ये २००५ साली एका ७२ वर्षांच्या बाईवर बलात्कार केल्याबद्दल शिक्षा झालेली आहे. २०२३ मध्ये पोर्तुगालमधल्या एका धरणापाशीही शोध घेऊन झाला. त्याच्यावर मॅडलिनच्या बाबतीत आरोपपत्र नाही, तो नाकारतो, २०२५ च्या सप्टेंबरात शिक्षा संपवून सुटलाही, आणि त्यानेच केलं असं मीही म्हणत नाहीये. पण अभ्यासू माणसाला त्याचा निदान उल्लेख तरी करावासा वाटला असता की नाही? कुत्र्यांची नावं न बघता कुत्र्यांवर बोलायचं, आणि हा माणूस दिसतच नाही. कमाल आहे.

निठारीबद्दल. तो विषय वेगळा आहे, इथे त्याचा बादरायण संबंध जोडायची गरज नव्हती. पोरं हरवल्याच्या तक्रारी घेऊन गेलेल्या आईबापांना पोलिसांनी हाकलून लावलं हे मलाही माहितीये, तिथल्या गटारातून सांगाडे निघाले ती डिसेंबर २००६ ची बातमी आम्ही लेस्टरला बसूनच बघितली. त्यावर लिहायचंय, ड्राफ्टमध्ये दोन परिच्छेद पडून आहेत, बऱ्याच दिवसांपासून. ब्रिटिश सरकारने एका मुलीच्या शोधावर एक कोटी तीस लाख पौंडांहून जास्त खर्च का केला हा प्रश्न मला काय विचारता, मी काय लंडनला बजेट मांडते?

तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, जशीच्या तशी आहे. उत्तर द्यायचं असेल तर जरूर द्या, फक्त सुरुवात ‘मॅडम तुम्ही आई आहात’ने करू नका. आणि ती ८०-९० मीटरची दुरुस्ती तुमच्यामुळे केली असं तिथे लिहिलंय, नावासकट, म्हणजे त्या नावासकट.