कावळा शिवला का?

"ग्राहक यशस्वीरीत्या काढला आहे," अशी हिरवी पट्टी पडद्यावर झळकली आणि पट्टीच्या खाली तो ग्राहक होता तसाच! दिंडोरी रोडवरचं द्राक्षांच्या औषधांचं दुकान, छाटणीनंतरची गर्दी आणि प्रोग्राम माझा. एका शेतकऱ्याचं खातं चुकून दोनदा उघडलं गेलं होतं. त्यातलं एक काढून त्या मोबाईल नंबरावर त्याच्या पोराचं खातं उघडायचं, एवढंच काम.

दिवाणजींनी चष्मा कपाळावर चढवला. "साहेब, गेला ना तो?"

"गेला."

"मग हा कोण?"

"पान रिफ्रेश केलं की जाईल."

केलं. नाही गेला. दिवाणजी अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "रामकुंडावर पिंडाला कावळा शिवला की कळतं, माणूस सुटला. तुमच्यात कावळा कोण?" द्राक्षांवरच्या डाऊनी रोगाचं औषध न्यायला आलेला एक इसम खदखदून हसला. त्याचा काय संबंध? "आणि शिवत नसेल तर काहीतरी राहिलेलं असतं. उधारी बघा त्याची."

संताप याचा, की नेमकं तेच होतं. त्या खात्याला एक बिल चिकटलेलं होतं. बिलं असली तर ग्राहक काढू द्यायचा नाही, असं 'रिस्ट्रिक्ट विथ एरर' मीच लावलेलं. अशा वेळी रेल्सचं (ज्या चौकटीत मी प्रोग्राम लिहिलाय तिचं) नोंद काढणारं 'डिस्ट्रॉय' बोंब मारत नाही, गुपचूप 'फॉल्स', म्हणजे 'नाही', परत देतं. आणि ते उत्तर न बघताच मी पुढच्या ओळीत हिरवी पट्टी ठोकलेली. जुन्या स्कॅफोल्डने, म्हणजे रेल्स आयता लिहून देतं त्या कोडने, लावलेली सवय, दुसरं काय! उद्गारचिन्हवालं 'डिस्ट्रॉय' वापरलं असतं तर एरर तरी तोंडावर आली असती.

बिल दुसऱ्या खात्यावर वळवलं आणि कन्सोलमधून, म्हणजे थेट आज्ञा टाइप करून, ते खातं पुन्हा काढलं. 'डिस्ट्रॉइड?' (काढलं का?) विचारलं, 'ट्रू', म्हणजे 'हो', आलं. पण ते हातातल्या ऑब्जेक्टपुरतं, म्हणजे मेमरीतल्या नोंदीच्या प्रतीपुरतं, खरं. तीच नोंद आधी डेटाबेसमधून वेगळी दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये उचललेली असेल, तर तिथे बिनदिक्कत 'फॉल्स' येतं. म्हणून डेटाबेसलाच 'एक्झिस्ट्स?' (आहे का?) विचारलं. 'फॉल्स'.

"शिवला कावळा," मी जाहीर केलं.

दिवाणजींनी काही न बोलता 'नवीन ग्राहक' उघडलं आणि तोच नंबर एका बोटाने टाइप केला. दहा आकडे, मला तेवढ्यात घाम फुटला. लाल अक्षरं आली: "हा नंबर आधीच नोंदलेला आहे."

"आमच्या वहीतही खोडलेलं नाव खालून वाचता येतं," म्हणाले.

सॉफ्ट डिलीट, म्हणजे न पुसता नुसती काढल्याची खूण! 'डिलीटेड_ॲट' या रकान्यात तारीख पडते, ओळ जागच्या जागी. डिफॉल्ट स्कोप, म्हणजे प्रत्येक शोधाला आपोआप लागणारी चाळणी, तिच्यावर पडदा टाकतो, म्हणून 'एक्झिस्ट्स?'लाही ती दिसत नाही. 'काउंट' (नोंदींची संख्या) एकने घटला की पास होणारी माझी टेस्ट तर त्याच पडद्याआड सुखाने हिरवी होती. युनिकनेस व्हॅलिडेशन, म्हणजे तोच नंबर दुसऱ्यांदा येत नाही ना ही रेल्सची तपासणी, मात्र पडदा सारून बघतं आणि डेटाबेसमधला तसाच पहारेकरी युनिक इंडेक्स कुणाचंच ऐकत नाही. खरी चौकशी पडदा काढणारं 'अनस्कोप्ड' लावूनच होते. शेवटी पोस्टग्रेसमध्ये, म्हणजे आमच्या डेटाबेसमध्ये, इंडेक्सला 'डिलीटेड_ॲट इज नल' (काढल्याची तारीख रिकामी) ही अट घातली, व्हॅलिडेशनलाही तीच. मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस असता तर तसा अटीचा इंडेक्सही मिळाला नसता.

हे सगळं वॉरंटीत धरलं गेलं. माझ्या जुन्या बिलाचे पैसे मागितले, तर दिवाणजींनी तारेला टोचलेला गठ्ठा दाखवला. तळाशी होतं ते, मागच्या दिवाळीपासून.