वायपर थांबला म्हणजे मोटरच गेली?

जून तोंडावर आला की जुन्या कॅम्पर व्हॅन आणि मोटरहोम बाळगणाऱ्यांच्या मोबाइलवर एक सल्ला फिरायला लागतो. त्याचा मथितार्थ असा: वायपर बंद पडला, रखडला किंवा काचेच्या मधोमध थांबला की मोटर गेली समजा. खात्री करायची तर टेस्ट लॅम्प (वायरीत करंट आहे का ते दाखवणारा छोटा बल्ब) लावा. तो पेटला म्हणजे करंट येतोय, दोष मोटरचाच. फ्यूज उडत असेल तर मोठा टाका. आणि घाटात अडकलात तर मोटरला बॅटरीवरून डायरेक्ट वायर द्या.

याच सल्ल्यावर विसंबून मी एकदा धडधाकट मोटर भंगारात घातली आहे. त्यामुळे हे जरा चिडूनच लिहितोय.

‘लॅम्प पेटला म्हणजे करंट पोचतोय’

सगळा घोळ इथून सुरू होतो. टेस्ट लॅम्पमधला 5 वॉटचा बल्ब 0.4 अँपिअर ओढतो. ओल्या काचेवर चालणारी 12 व्होल्टची वायपर मोटर सहज 4-5 अँपिअर मागते. समजा, कपलरमधल्या (मोटरच्या वायरी जोडणाऱ्या प्लगमधल्या) पिनेवर हिरवट थर चढलाय आणि तिथे अर्धा ओहम अडथळा तयार झालाय. बल्बच्या वाटेत 0.2 व्होल्ट गळतात, उजेडात फरकसुद्धा दिसत नाही. मोटर 5 अँपिअर घ्यायला गेली की तिथेच अडीच व्होल्ट खाल्ले जातात. लॅम्प झक्क पेटतो आणि त्याच पिनेवर मोटर मेल्यासारखी सरकते.

म्हणून मोजायचं ते वायपर चालू ठेवून. मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा, काचेवर पाणी मारा, स्विच चालू करा. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरी मोटरच्या अर्थ वायरवर (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी वायर). आकडा 0.2 च्या आत असेल तर अर्थ चांगली. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर मोटरला हात लावू नका. मग तसंच बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून मोटरच्या चालू वायरपर्यंत मोजा. तिकडे वाटेत चावी, फ्यूज आणि स्विच असल्यामुळे थोडी जास्त घट चालते, पण व्होल्टभर घट दिसली तर एकेक सांधा मागे मागे तपासत जायचं.

माझ्या गाडीत अर्थवरच दीड व्होल्ट सापडले. मोटरहोमची गंमत इथे आहे. साध्या गाडीत आजूबाजूला सगळा पत्रा असतो. मोटरहोमचा पुढचा भाग बऱ्याचदा फायबरचा, आणि मोटरच्या पायाखाली रबरी बुश. बोल्ट कितीही आवळा, त्यातून अर्थ मिळत नाही. सगळा भार एका बारीक वायरवर, जी कुठेतरी खाली शॅसीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) गंजलेल्या स्क्रूखाली दबलेली असते. त्यात ही गाडी वर्षातले आठ महिने उभी, आणि माझी तर कोकणातल्या खाऱ्या हवेत. मोटरच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक जाड वायर तात्पुरती जोडली आणि पाती धावायला लागली. नवी मोटर मात्र तोपर्यंत आणून झाली होती.

‘मधोमध थांबतो, म्हणजे मोटरमध्ये दम नाही’

स्विच चालू असताना थांबत असेल तर वेगळी गोष्ट. पण बंद करताच जिथल्या तिथे थांबत असेल तर मोटरच्या दमावर शंका घ्यायचं कारण नाही. स्विच बंद केल्यावरही मोटरला पार्कच्या, म्हणजे पाती खाली नेऊन थांबवणाऱ्या, संपर्कातून करंट मिळत राहतो. पाती खाली पोचली की गिअरवरची चकती तो तोडते. तो वेगळा पुरवठा तुटला किंवा संपर्क मळला की पाती हवेत लटकते. उलट, स्विच बंद करूनही थांबतच नसेल तर तोच संपर्क सुटत नाहीये, किंवा रिले (करंट जोडणारा-तोडणारा विजेवर चालणारा स्विच) चिकटलाय.

हळू चालतो पण जोरात चालत नाही, अशा वेळी मोटरवर संशय घ्यायला हरकत नाही. बहुतेक मोटरींत जोराच्या वेगासाठी तिसरा कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारा ठोकळा) असतो आणि तो झिजतो. तरी आधी त्या वायरवर करंट येतोय का, ते पाहा.

‘फ्यूज उडतो? मोठा टाका’

फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. 15 अँपिअरच्या जागी 30 चा टाकलात तर पुढच्या वेळी वायर तापेल, आणि ती वायर प्लाय, फोम आणि पडद्यांच्या मागून जाते. फ्यूज उडण्याचं कारण अनेकदा विजेचं नसतंच: उभ्या गाडीत वायपरच्या दांड्यांचे बुश गंजून जाम होतात. मोटरपासून लिंकेज (मोटरचं फिरणं पात्यांपर्यंत नेणाऱ्या दांड्या) सोडवा, मोटर मोकळी फिरवा आणि पाती हाताने हलवून पाहा. मोटर भुर्रकन फिरली आणि दांडा हलेना, तर औषध ग्रीस आहे.

तरीही फ्यूज उडत असेल तर त्यावर आणखी काय लटकलंय ते बघा. कॅम्पर बनवताना वायरमनला जवळची चालू वायर सापडली की तो तिलाच पीळ देऊन टेप मारतो. माझ्याकडे मोबाइल चार्जर आणि छताचा पंखा वायपरच्याच फ्यूजवर निघाले.

‘डायरेक्ट देऊन टाका’

हा सल्ला सर्वांत घातक. बऱ्याच गाड्यांत स्विच बंद असताना, पाती खाली पोचली की हळू वेगाची वायर पार्कच्या संपर्कातून अर्थला जोडली जाते. मोटर चटकन थांबावी म्हणून ती सोय आहे. कपलर न काढता त्याच वायरला बॅटरी जोडलीत, तर प्रत्येक फेरीत पार्कच्या जागी थेट शॉर्ट. मध्ये फ्यूज नसेल तर धूर निघतो, आणि बाहेर पाऊस असल्याने खिडक्याही बंद असतात.

करायचंच असेल तर कपलर पूर्ण उपसा, वाटेत 15 अँपिअरचा फ्यूज घाला आणि हळू वेगाच्याच पिनेला द्या. पाती मग कुठेही थांबेल, ती हाताने खाली आणावी लागेल. घाट उतरेपर्यंत तेवढं जमतं.