‘सायलेन्सर बदला, विषय संपला’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे, म्हणून इतरांसाठी आधी तिचा गाभा सांगतो. मागच्या लेखात मी पोर्शे ९११ च्या तीन पिढ्या, म्हणजे ९९७, ९९१ आणि ९९२, मुंबईच्या रस्त्यांवर शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. तिन्ही कॅरेरा एस, म्हणजे साध्या कॅरेराहून जास्त ताकदीची आवृत्ती. आरामात ९९२ ला पहिलं ठेवलं आणि आवाजात शेवटचं. त्यावर ठाण्यातले एक ९९२ मालक, म्हणजे तुम्ही, लिहिता: “जुनं ते सोनं हा मराठी माणसाचा रोग तुम्हालाही जडलाय. राइड मोजता येते, आवाज ही निव्वळ आवड आहे, तिला कसले गुण देता? आवाजच हवा तर सायलेन्सर बदला, विषय संपला. आणि २१ इंची चाकांची गाडी खड्ड्यांत आरामदायी कशी ठरते, हेही एकदा समजावून सांगा.”

शेवटचं वाक्य तुमच्याच गाडीच्या विरोधात जातं, पण प्रश्न चांगला आहे. तिथूनच सुरू करतो.

रिम मोठी म्हणजे टायरची भिंत पातळ आणि भिंत पातळ म्हणजे दणका थेट पाठीत, हे गणित सगळ्यांना पाठ असतं. पण टायरवरचे आकडे नीट वाचले तर ते इथे लागू पडत नाही. ९९७ कॅरेरा एस चा पुढचा टायर २३५/३५, १९ इंची. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे भिंत त्या रुंदीच्या किती टक्के. २३५ चे ३५ टक्के, म्हणजे भिंत सुमारे ८२ मिलिमीटर. तुमच्या ९९२ एस चा पुढचा टायर २४५/३५, २० इंची, भिंत जवळजवळ ८६. मागे ९९७ ला २९५/३०, म्हणजे साडेअठ्ठ्याऐंशी, आणि तुमच्या बदनाम २१ इंची चाकावर ३०५/३०, म्हणजे साडेएक्याण्णव. रिम वाढली, पण टायरसकट अख्खं चाकच वाढलं. पुढचं चाक बाहेरून सव्वातीन सेंटिमीटरने मोठं झालं, मागचं साडेपाचाहून जास्त. मोठं चाक खचलेल्या पेव्हर ब्लॉकच्या कडेवर किंवा रस्त्याच्या पातळीखाली गेलेल्या गटाराच्या झाकणावर कमी कोनात चढतं. दादरच्या गल्ल्यांतून निघून वरळी सी फेसला लागेपर्यंत हा फरक कमरेला कळतो, त्यासाठी मोजमापाचं यंत्र लागत नाही.

चाकाहूनही मोठं कारण चाकांमधल्या अंतरात आहे. ९९७ मध्ये पुढच्या-मागच्या आसांत २३५० मिलिमीटर होते. ९९१ आली २०११ साली, तेव्हा ते २४५० झाले, आणि ९९२ ने तेच ठेवले. ९११ चं इंजिन मागच्या आसाच्याही मागे, त्यामुळे नाक हलकं. एकापाठोपाठ उंचवटे आले की ९९७ चं नाक खाली-वर डुलत राहतं. सी लिंकवरच्या सांध्यांवर शेजारच्या सीटवर बसून हे अनुभवलंय, आणि पोट रिकामं असताना ते मुळीच सुखाचं नाही. शंभर मिलिमीटरनी हे डुलणं निम्म्याहून अधिक मारलं, असं माझं मत. उरलेलं काम डॅम्परनी, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बरनी केलं. इलेक्ट्रॉनिक डॅम्पर कॅरेरा एस ला ९९७ पासूनच होते, पण त्यांच्या मऊ आणि कडक टोकांत फारसं अंतर नव्हतं. ९९२ मध्ये ते अंतर ताणलं. मऊ खरोखर मऊ झालं आणि कडक अधिक कडक. तुमची गाडी ९९७ हून जवळपास शंभर किलोने जड आहे, तेही या बाबतीत पथ्यावरच पडतं.

तेव्हा राइडच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूला उभा आहे. जुनं ते सोनं म्हणणारा माणूस असा निकाल देत नाही.

आता आवाज. राइड मोजता येते आणि आवाज येत नाही, हे म्हणणं मला पटत नाही. राइड मोजतात ती सीटपाशी कंपनं नोंदवून, पण ती कच्ची वापरत नाहीत. माणसाला उभ्या दिशेची ४ ते ८ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला चार ते आठ वेळा होणारी कंपनं सगळ्यात जास्त खुपतात, म्हणून त्यांना जास्त वजन देतात. म्हणजे मापाची पट्टीच मुळात माणसाच्या अंगावर बेतलेली आहे. आवाजाचंही तेच. डेसिबल हा फक्त मोठेपणा झाला. तो कुठल्या कंपनसंख्यांचा बनलाय हेही मोजता येतं, आणि तीन पिढ्यांत नेमकं तेच बदललंय.

सहा सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात दर फेरीला तीन स्फोट होतात. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर ते झाले सेकंदाला १५०. पण ९११ मध्ये तीन सिलिंडर डावीकडे, तीन उजवीकडे, आणि स्फोट आलटून पालटून होतात. ९९७ मध्ये दोन्ही बाजूंचा धूर बराच काळ आपापल्या वाटेने जातो, म्हणून एकेका बाजूला सेकंदाला ७५ ठोके पडतात. १५० चा ताणलेला सूर आणि त्याखाली ७५ चा भरणा. तबल्याखाली डग्गा धरावा तसं. फेऱ्या वाढवल्या की दोन्ही एकत्र चढतात आणि सात हजारांपाशी वरचा सूर ३५० ला पोचतो. ९९७ एस च्या पहिल्या आवृत्तीतलं ३.८ लिटरचं इंजिन पूर्ण ताकद, ३५५ अश्वशक्ती, ६६०० फेऱ्यांना देतं. ९९१ एस च्या पहिल्या आवृत्तीत ४०० अश्वशक्ती आहेत, पण त्या ७४०० वर. म्हणजे ताकद हवी तर चढावंच लागतं, आणि चढताना ऐकावंच लागतं.

२०१५ साली ९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून कॅरेराला ३ लिटरचं दोन टर्बोंचं इंजिन आलं. टर्बोची पाती एक्झॉस्टच्या वाटेतच बसतात. धुराच्या ठोक्यातली ताकद शोषून घेणं हेच त्यांचं काम, त्यामुळे ठोक्याची धार तिथेच बोथट होते. पुढे युरोपातल्या ९९२ च्या वाटेत कणांची गाळणी आली. तिच्यात नळ्यांची तोंडं एकाआड एक बंद असतात, धुराला सच्छिद्र भिंतीतून पाझरून पलीकडे जावं लागतं. काजळी अडते, आणि सुराचं वरचं टोकही. त्यात तुमच्या इंजिनाचा ५३० न्यूटन मीटरचा जोर (टॉर्क) २३०० फेऱ्यांपासूनच हजर. कोस्टल रोडवर ८० ची मर्यादा, बोगद्यात ६०. तिथे फेऱ्या चढवायला तुम्हाला कारणच उरत नाही. ९९७ ही त्याच मर्यादेत, पण दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली तर बोगद्याच्या भिंती तिचा आवाज परत आणून देतात. (रात्री हे करू नये. ब्रीच कँडीकडच्या लोकांनी याच प्रकाराच्या तक्रारी केल्यात, आणि त्या रास्त आहेत.)

यात पोर्शेचा आळस नाही. युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमाने साडेसात मीटरवरून मोजलेल्या आवाजाची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणली. सर्वात ताकदवान, बुटक्या गाड्यांसाठी ती ७५ वरून ७४ आणि मग ७२ डेसिबल. तीन डेसिबल ऐकायला किरकोळ वाटतात, पण त्याचा अर्थ ध्वनीची ऊर्जा निम्मी. शिवाय आधी चाचणीच्या ठरावीक वेगाला एक्झॉस्टची झडप बंद ठेवायची आणि बाकी वेळ उघडायची, ही पळवाट होती. नव्या नियमात इतर वेग आणि गिअरही तपासायची सोय झाली. ९९१ च्या अभियंत्यांनी निदान आतल्या माणसासाठी काहीतरी राखलं होतं. एअर फिल्टर आणि थ्रॉटल यांच्या मधला आवाज एका पडद्यामार्फत नळीने केबिनकडे नेला. काही लोक त्याला फसवणूक म्हणतात, मी म्हणत नाही. आवाज इंजिनाचाच आहे. बीएमडब्ल्यूने एम५ आणि एम३ मध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधून वाजवला, ते मात्र मला अजून गिळवत नाही.

पण माझा मूळ मुद्दा तुमच्या नजरेतून निसटलाय, म्हणून पुन्हा मांडतो. आराम आणि आवाज ही दोन वेगळी खाती नाहीतच. ९९२ मध्ये इंजिनाचा आवाज उतरला, पण केबिन शांत झाली नाही. ३०५ मिलिमीटर रुंद टायर आपल्या नव्या काँक्रीटवर अखंड घुमतो. एका वेगाने जाताना ५० च्या पुढे बहुतेक गाड्यांत टायर इंजिनावर मात करू लागतो, ९११ मध्ये तर मागची जागा पोकळ आणि टायर तिच्या लगतच. जो आवाज ऐकायला माणूस एवढे पैसे मोजतो तो गेला, आणि जो कुणालाच नको तो त्याच्या जागी येऊन बसला. पश्चिम द्रुतगती महामार्गावर बोरिवलीहून वांद्र्यापर्यंत ९९२ मध्ये बसलो तर पाठ ताजी असते आणि कान थकलेले. ९९७ मध्ये नेमकं उलट. पाठीला दिलेले गुण मी कानाचे कापून दिलेले नाहीत, दोन्ही एकाच माणसाचे आहेत एवढंच.

म्हणूनच सायलेन्सर बदलून विषय संपत नाही, उलट सुरू होतो. आठ गिअरच्या तुमच्या गाडीत शहरातल्या वेगाला इंजिन दीड-दोन हजार फेऱ्यांच्या आसपास रेंगाळतं. २००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १०० ठोके. बाजारातल्या मोकळ्या सायलेन्सरची घरघर बहुधा याच पट्ट्यात केबिनला धरते आणि डोक्यात बसते. वरचा सूर टर्बोने आधीच खाल्लेला, तो काही परत येत नाही. तुम्ही फक्त खालची गुरगुर मोठी करता. आवाज वाढेल, तो ९९७ चा होणार नाही, आणि जी राइड तुम्ही मिरवता तिच्यातला अर्धा आनंद त्या घरघरीत जाईल. कायद्याची बाजू वेगळीच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत असे बदल करू देत नाही, १९०(२) आवाजासाठी दंड करतं, आणि जप्त केलेले सायलेन्सर पोलीस रोड रोलरखाली घालतात. कारखान्यातून आलेला स्पोर्ट्स एक्झॉस्ट ही गोष्ट निराळी. त्यात झडप आहे, सोसायटीच्या गेटशी ती बंद ठेवता येते.

“मग माझ्या गाडीचं काय करू?” असं तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण प्रतिक्रियेच्या सुरात ते आहे, म्हणून सांगतो. एक्झॉस्टला हात लावू नका. साध्या ९९२ कॅरेराची चाकं पाहा: पुढे १९ इंची २३५/४०, मागे २० इंची २९५/३५. पुढची भिंत ९४ मिलिमीटर, मागची १०३. दणके कमी होतील, आणि टायर थोडा अरुंद असल्याने घुमणंही थोडं उतरावं. तुमच्या एस चे ब्रेक मोठे आहेत, त्यामुळे १९ इंची रिम त्यांवर बसते का हे आधी अधिकृत वर्कशॉपमध्ये विचारा, नंबर न जुळवता ऑनलाइन मागवू नका. पुढचं नाक ४० मिलिमीटर उचलणारी यंत्रणा गाडी घेताना घेतली असेल तर घोडबंदर रोडवरचे गतिरोधक तुम्हाला सुसह्य असतील. घेतली नसेल तर तिरपी गाडी घालायची सवय एव्हाना झालीच असणार.