मामा, फियाट विकू नकोस: त्या 'शेवटच्या इशाऱ्या'ची चिरफाड

परवा रात्री साडेदहाला मामाचा फोन आला. "अरे, गाडीला गिऱ्हाईक बघ कुणी, येईल त्या भावात देऊन टाकू." गाडी म्हणजे १९७१ ची फियाट. तिचा कार्ब्युरेटर खोलून स्वतः धुतल्याशिवाय ज्याचा रविवार जात नाही तो माणूस असं बोलतोय म्हटल्यावर मी विचारलं झालं काय, तर तोच मेसेज. "जुन्या गाड्यांच्या शौकिनांनो, शेवटचा इशारा" वाला. मलाही तीन ग्रुपवर आला होता, न वाचता उडवलेला. आता अख्खा वाचला आणि डोकं फिरलं, म्हणून हे लिहितोय.

मेसेज काय म्हणतो ते थोडक्यात. हवामान बदल थोतांड आहे, पिनाटुबो ज्वालामुखी एकदा फुटला तेव्हा जगातल्या सगळ्या गाड्यांच्या शंभर वर्षांच्या धुराइतका गॅस बाहेर पडला. सरकारं टॅक्स लावून शौकिनांना संपवतायत. २०३५ ला पेट्रोलच्या गाड्या जप्त होणार. स्पोर्ट्स कार याच कायद्यांनी मारल्या. इलेक्ट्रिक गाडी उलट जास्त घाण करते. तेव्हा आत्ताच विका, नंतर भंगाराचा भाव मिळेल.

ज्वालामुखीचं आधी उरकतो, कारण ते सगळ्यात येडपट आहे. फिलिपिन्सचा पिनाटुबो १९९१ साली फुटला तेव्हा साधारण ५ कोटी टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला, हा अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा आकडा आहे. आता जगातल्या कार आणि व्हॅन बघा. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने २०२२ मध्ये ऊर्जेतून निघालेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे १० टक्के त्यांचा, म्हणजे साडेतीन अब्ज टनांच्या वरच, म्हणजे दिवसाला अंदाजे एक कोटी टन. करा भागाकार. पिनाटुबो बरोबर पाच दिवस. शंभर वर्षं नाही हो, पाच दिवस! सोमवारी निघालात तर शुक्रवारी पिनाटुबो झाला. आणि त्या स्फोटाने पृथ्वी तापलीही नाही, वर गेलेल्या गंधकाच्या धुक्याने उलट एक-दोन वर्षं अर्ध्या अंशाच्या आसपास थंड झाली. ज्याने कुणी हे लिहिलंय त्याने उदाहरण तरी धड निवडायचं.

आता जप्ती. माझा खरा राग इथे आहे, कारण याच वाक्याने मामाची झोप उडाली.

२०३५ म्हणजे युरोपियन युनियनचा २०२३ मधला कायदा. तो *नव्याने विकल्या जाणाऱ्या* गाड्यांचा आहे. कंपनीने विकलेल्या नव्या गाड्यांच्या नळकांड्यातून कार्बन निघू नये, एवढंच. जी गाडी आधीच रजिस्टर आहे तिला तो कायदा हातही लावत नाही, ती चालवा, विका, मुलाला द्या. आणि २०२५ च्या शेवटी तर युरोपियन कमिशननेच ती १०० टक्के कार्बन-कपातीची अट ९० वर आणायचा प्रस्ताव मांडला. ब्रिटनची २०३० ची मुदत पण नव्या गाड्यांचीच. 'नव्या' हा एक शब्द गाळला की कायद्याची जप्ती होते, सोपं आहे.

बरं, जुन्या गाड्यांचं काय करतात हे देश? ब्रिटनमध्ये गाडी ४० वर्षांची झाली की तिचा वार्षिक रोड टॅक्स माफ, आणि लंडनच्या त्या बदनाम कमी-प्रदूषण झोनमध्येही तिला पैसे पडत नाहीत. जर्मनीत ३० वर्षांची, मूळ रूपात जपलेली गाडी असेल तर नंबराच्या शेवटी 'एच' लागतो, टॅक्स सपाट एक रक्कम, इंजिन कितीही मोठं असो, आणि शहरांच्या पर्यावरण झोनमध्ये सूट. भारतात २०२१ मध्ये व्हिंटेजचे नियम आले. ५० वर्षांच्या वरची, मूळ रूपातली गाडी असेल तर 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. १९७१ अधिक पन्नास किती होतात ते मामाला फोनवरच मोजायला लावलं. तो नंबर घेतला की मग ती गाडी रोज बाजाराला नेता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल-दुरुस्ती एवढ्यापुरतीच, हे खरंय. पण तो नाही घेतला तरी साधं रजिस्ट्रेशन फिटनेस बघून पाच-पाच वर्षांनी रिन्यू होतंच. जप्ती कुठेय यात?

हां, दिल्ली. मान्य करतो, नाइलाजाने. राजधानी परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली, २०१८ ला सुप्रीम कोर्टानेही ती उचलून धरली, आणि १ जुलै २०२५ पासून तर पंपावर असल्या गाड्यांना तेलच द्यायचं नाही असं ठरलं, जे लोकांच्या बोंबेनंतर काही दिवसांत गुंडाळावं लागलं. नीट सांभाळलेली गाडी निव्वळ वयावरून बाद करणं मलाही चीड आणणारं वाटतं. पण ती बंदी फुफ्फुसात जाणाऱ्या धुरासाठी आहे, हवामानासाठी नाही, दोन वेगळी भांडणं आहेत. आणि एका राजधानीच्या भानगडीवरून जगभरच्या फियाटा भंगारात काढायच्या का?

मेसेजच्या तळाशी काय होतं माहितीये? "जुन्या गाड्या रोखीने घेतल्या जातील", आणि खाली एक मोबाईल नंबर. मामाने तिथपर्यंत स्क्रोलच केलं नव्हतं.

स्पोर्ट्स कारचा मुद्दा अर्धा खोटा आहे आणि तो अर्धा भाग मजेशीर आहे. युरोपात पेट्रोलवाली पोर्शे ७१८ २०२४ मध्ये बंद झाली ती सायबर सुरक्षेच्या नियमामुळे! गाडीचं जुनं इलेक्ट्रॉनिक्स हॅकिंगच्या नव्या अटींत बसत नव्हतं. टोयोटा जीआर८६ तिथून गेली ती अपघात टाळणाऱ्या यंत्रणांच्या सक्तीमुळे. कार्बनचा काही संबंध नाही. पण सुझुकी जिम्नी, ही छोटी जीप, मात्र खरंच कार्बनच्या नियमाने खाल्ली, बिचारी एवढीशी, हलकी, पण किलोमीटरला दीडशे ग्रॅमच्या वर, कंपनीच्या सगळ्या गाड्यांची कार्बनची सरासरी बिघडवायची, म्हणून २०२० च्या सुमारास युरोपात बंद झाली आणि मग दोन सीटची मालवाहू बनून परत आली. हे वाईट झालं, मान्य. फ्रान्सचा कार्बनवरचा टॅक्सही नवी गाडी पहिल्यांदा रजिस्टर करताना चांगलाच चावतो. पण तिथे २०२२ पासून वजनावर वेगळा टॅक्स आहे, तो १८०० किलोच्या वरच्या धुडांवर सुरू झाला आणि नंतर मर्यादा खाली आणत गेले. मामाची फियाट टनभरही भरत नाही. हलक्या गाडीची बाजू घेणारा टॅक्स शौकिनांच्या विरोधात कसा?

इलेक्ट्रिक गाडीचं पटकन. बॅटरी बनवताना जास्त कार्बन निघतो हे खरं, पण मेसेज तिथेच थांबतो, गाडी पुढे पंधरा वर्षं चालते हे विसरून. आयसीसीटी या स्वच्छ वाहतुकीवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या अभ्यासात बनवण्यापासून भंगारापर्यंतचा सगळा हिशेब आहे. युरोपात पेट्रोलपेक्षा ६६ ते ६९ टक्के कमी, भारतात कोळशाची वीज धरूनही १९ ते ३४ टक्के कमी. भारताचा फायदा छोटा आहे यावर वाद घाला ना, घालण्यासारखा आहे. "उलट जास्त" कुठून आणलं?

आणि गंमत बघा, जे खरोखर दुखतंय ते त्या मेसेजमध्ये नाहीच! भारतात २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीची रिन्यूअल फी ५ हजारांवरून १० हजार केली. त्याहून वाईट म्हणजे इथेनॉल. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला फुगवतं, पाणी धरून ठेवतं, टाकीला गंज आणतं. नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात आहे की बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेल्या, १० टक्के इथेनॉलला जुळवलेल्या मोटारींचं मायलेज २० टक्केवाल्या पेट्रोलवर ६-७ टक्क्यांनी पडेल. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ ला साध्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल आणलं तेव्हा सुपर पेट्रोल ५ टक्क्यांवरच ठेवलं, जुन्या गाड्यांचा विचार करून. असा एक वेगळा नळ पंपावर मागा की राव, सगळ्या क्लबांनी मिळून मागा, मी पहिली सही करतो. पण हे लिहून कुणाला स्वस्तात गाडी मिळत नाही.

हे सगळं मामाला फोनवर पाऊण तास ऐकवलं. शेवटी तो एवढंच म्हणाला, "ते राहू दे, फ्युएल पंपाचा डायाफ्राम इथेनॉल सोसणारा कुठला मिळेल ते सांग, आणि पाइप पण सगळे बदलून घेतो."