इंदूरला येताय? गरम कपडे मुळीच आणू नका

डिसेंबरात इंदूरला येणाऱ्या मुंबईकर पाहुण्यांनी बॅग कशी भरावी, यावर सल्ला देण्याचा अधिकार मला नुकताच मिळाला आहे. भाचा, भाचेसून आणि दोन नातवंडं. माणसं चार, मुक्काम पाच दिवस, बॅगा सात. सकाळी अवंतिका एक्स्प्रेसमधून त्या उतरवून घ्यायला मी आणि आमचे हे, दोघंच होतो. ह्यांची कंबर दिवाळीपासून धरलेली आहे, पण चाकांच्या बॅगा म्हणे आपोआप चालतात.

तर पहिलं. हवामान बघायचं, पण फक्त दुपारचं. मोबाइलवर २६ हा आकडा दिसला की 'अय्या, आपल्यासारखंच की' म्हणावं आणि स्वेटर परत माळ्यावर टाकावेत. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीच्या पठारावर आहे, समुद्र लांब, हवा कोरडी, त्यामुळे ऊन कललं की दिवसभराची ऊब टिकत नाही, या गोष्टी भूगोलाच्या पुस्तकातल्या. त्या परीक्षा झाल्यावर विसरायच्याच असतात. 'शब-ए-मालवा'चं, म्हणजे माळव्यातल्या सुखद रात्रींचं, कौतुक ऐकलेलं असतंच, तेवढ्यावर निघावं. मग रात्री नऊला गच्चीत चांदणं बघायला जावं आणि नऊ वाजून चार मिनिटांनी खाली येऊन विचारावं, "आत्या, एखादी शाल आहे का गं?"

असते. आत्याचं कपाट दुसरं कशासाठी असतं? त्या रात्री त्यातून ह्यांचा हाताने विणलेला स्वेटर, दोन मफलर, माझी तपकिरी शाल आणि एक माकडटोपी बाहेर पडली. ही टोपी ह्यांनी स्टेशनावर घातली होती, तेव्हा नातू खो खो हसला होता. नंतरचे चार दिवस ती त्याच्या डोक्यावरून उतरली नाही. हे बिनटोपीचे शिंकत बसले.

गॉगल मात्र माणशी दोन आणावेत.

टॉवेल आणू नयेत. यजमानांकडे उगवतात.

महेश्वरला जाणार असाल तर टाचांचे सँडल हवेतच. अहिल्याबाईंनी घाटाच्या पायऱ्या तुमच्या टाचा मोजायलाच बांधल्या. पाय मुरगळल्यावर "इथे रेलिंग का नाही?" असं मोठ्याने विचारावं, म्हणजे नर्मदामाईलाही कळेल.

आता उज्जैन. इथे जरा सविस्तर सांगते, कारण इथेच माझं रक्त आटलं.

महाकालाची भस्म आरती पहाटे चारला. इंदूरहून उज्जैन पंचावन्न किलोमीटर, पण रांग असते, तपासणी असते, म्हणून आम्ही मध्यरात्रीच निघतो. आरतीची नोंदणी मी केली. ओळखपत्रं सोबत हवीत, मोबाइल आत नेता येत नाही, हे फोनवर सांगितलं. पुरुषांना धोतर, बायकांना साडी, ही तिथली रीत. हेही सांगितलं. दोनदा. तिसऱ्यांदा सांगायला गेले तर भाचा म्हणाला, "आत्या, आम्ही काय पहिल्यांदा देवळात चाललोय का?"

रात्री साडेबाराला हे चिरंजीव बर्म्युड्यात बाहेर आले. डिसेंबरात. महाकालाला. वर म्हणतात, "तिथे धोतर मिळतं ना बाहेर?" मिळतं हो. बाहेर सगळंच मिळतं, अक्कल सोडून. ह्यांनी न बोलता कपाटातून स्वतःचं धोतर काढलं आणि पुढचा अर्धा तास ते त्याला नेसवण्यात गेला. रात्रीच्या एकला, दिवाणखान्यात, पंचेचाळीस वर्षांचा घोडा हात वर करून उभा आणि आमचे हे गुडघ्यावर बसून त्याच्या निऱ्या घालताहेत. मी फोटो काढायला हवा होता. राग इतका आला होता की सुचलं नाही.

आणि सूनबाई? पाच दिवसांचे अकरा पोशाख. केस वाळवायचं मशीन. केस सरळ करायचं वेगळं मशीन, आणि सरळ झालेले परत कुरळे करायचं तिसरं. साडी एकही नाही. "प्रवासात साडी कोण बाळगतं, आत्या?"

मी बाळगते. म्हणजे घरात. आईची महेश्वरी, १९७८ साली तिने घाटाजवळच्या विणकराकडून आणलेली, बारीक चौकटी, फिकट जांभळी. काठ बुगडीचा, दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा, उलटी नेसली तरी कुणाला कळू नये असा. आई ती आलटून पालटून नेसायची, म्हणून इतकी टिकली. मी स्वतः ती वर्षातून एकदा नेसते. ती काढून दिली. देवाच्या दारात नाही म्हणायला जीभ रेटेना.

आरती छान झाली. भस्म चढताना सूनबाईंनी पदर डोळ्यांवर घेतला तेव्हा मला क्षणभर आईच दिसली, खरं सांगते. सगळा राग तिथेच विरघळला होता. घरी येऊन साडी घडी करून परत दिली असती तर हा लेख लिहायची वेळच येती ना.

पण नाही. साडीत फोटो चांगले येतात. म्हणून त्याच संध्याकाळी तीच साडी सराफ्यात, आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात. ज्यांनी रात्रीचा सराफा पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. खांद्याला खांदा, हातात द्रोण, वरून कढईतनं थेट आलेला गराडू, म्हणजे तळलेला कंद, त्यावर जीरावन मसाल्याची मूठ. मी रबडीच्या रांगेत होते. वळले तर गराडूचा द्रोण पदरावर पालथा. तेल आणि हळद. "अय्या, काही नाही, धुतल्यावर जाईल." साडी मला परत मिळाली ती प्लास्टिकच्या पिशवीत, बोळा करून, निघायच्या सकाळी. दोन दिवस तो डाग पिशवीत मुरला. लोणच्यासारखा.

ड्रायक्लीनवाल्याने पदर उजेडात धरला, माझ्याकडे बघितलं आणि घडी करून परत दिला. पैसेही घेतले नाहीत.

आमच्या 'येऊन राहिलो, जाऊन राहिलो'ला तुम्ही दरवेळी हसता, हसा. पोह्यांवर शेव कशी म्हणून नाकं मुरडता आणि तीन प्लेट खाता, खा. पण अरे, जिथे जाताय तिथल्या रात्री कशा असतात, देवळात काय नेसतात, हे चार चार दिवस आधी फोनवर कानीकपाळी ओरडून सांगितलेलं ऐकायला काय होतं? सात बॅगांत एक स्वेटर मावत नाही? एक साडी? केसांच्या तीन मशीनींमधलं एक घरी ठेवलं असतं तर मावली असती. आम्ही देतो म्हणून मागायचं, आणि मागून आणलेलं वापरायचं असं? तुझ्या आजीची होती रे ती साडी. तुझ्या बायकोला माहीत नसेल, तुला तर होतं.

आणि ती तपकिरी शाल तुमच्याच कुठल्यातरी बॅगेत गेली आहे. एका कोपऱ्याला रफू आहे, बघ. कुरिअरचे पैसे मी देते.