‘शंभर अधिक वय’ म्हणजे नॉर्मल बीपी? कोणी सांगितलं?

ठाण्यात पाचपाखाडीला राहणाऱ्या माझ्या मावशीच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर ‘बीपी नावाचा आजारच नाही!’ असा लांबलचक मेसेज आलाय. बहुतेक तुमच्याकडेही येऊन गेला असेल. सार एवढंच: पूर्वी ‘शंभर अधिक वय’ हे नॉर्मल बीपी होतं, औषध कंपन्यांनी ते १२०/८० वर आणून धडधाकट माणसांना पेशंट केलं. त्रास होत नसेल तर बीपी नाहीच. सैंधव मीठ कितीही खा. सकाळी लसूण आणि दुधीचा रस घ्या. गोळ्या बंद करा, त्यांनी किडनी जाते. आणि अर्थातच, हा मेसेज दहा जणांना पाठवा.

एरवी मी असलं काही न वाचताच उडवतो. पण परवा मावशीचाच फोन. “अरे, माझं वरचं १६८ आलं. वय एकाहत्तर. म्हणजे एकशे एकाहत्तरपर्यंत चालतंय, मी तर तीनने कमीच! मग गोळी कशाला घेऊ?” बाईंची हयात बँकेत गेली, हिशोब चुकणार कसा. सूत्रच चुकीचं आहे. आणि ते वाचून तिने गोळी बंदही करून टाकली होती.

तर आधी हे सूत्रच. त्यात खरं एवढंच की वय वाढतं तशा रक्तवाहिन्या कडक होतात आणि वरचा आकडा चढत जातो. साठी-सत्तरीत हे पुष्कळांना होतं. पण पुष्कळांना होतं म्हणून ते निरुपद्रवी कसं? मोतीबिंदूही पुष्कळांना होतो, आपण ऑपरेशन करतोच ना? बीपी उतरवायला धड औषधंच नव्हती, त्या काळात ‘वयाच्या मानाने ठीक आहे’ म्हणणं डॉक्टरांनाही सोयीचं होतं. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. त्या दिवशी त्यांचं बीपी ३००/१९० होतं. त्याच्या साधारण वर्षभर आधी, मार्च १९४४ मध्ये, ते १८६/१०८ होतं. जगातल्या सगळ्यात बलाढ्य माणसालाही त्यावर देण्यासारखं फारसं काही नव्हतं.

पुढे औषधं आली आणि प्रश्न रीतसर तपासला गेला. ‘शेप’ नावाचा अभ्यास, निकाल १९९१ चा. साठीच्या पुढची ४७३६ माणसं घेतली, सगळ्यांचा फक्त वरचा आकडा जास्त, खालचा ९० च्या आत. म्हणजे थेट मावशीसारखीच मंडळी. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच पण आत औषध नसलेली. आता नीट वाचा: या लोकांचं सरासरी वय होतं बहात्तरच्या आसपास आणि सरासरी बीपी १७०/७७. मेसेजच्या सूत्राने बहात्तरीला १७२ चालतं. म्हणजे सूत्राप्रमाणे यातला सरासरी माणूस ठणठणीत! त्याला गोळीने काही फायदा व्हायचं कारणच नव्हतं.

झालं काय? पाच वर्षांत औषधाविना असलेल्या गटात शंभरातल्या साधारण आठ जणांना पक्षाघाताचा झटका आला, गोळी घेणाऱ्यांत पाच जणांना. पक्षाघाताचं प्रमाण ३६ टक्क्यांनी खाली. हा एकच अभ्यास त्या सूत्राचा निकाल लावायला पुरेसा आहे. आणि ‘कंपन्यांचा डाव’ म्हणणाऱ्यांसाठी: अभ्यास अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थांचा, आणि मुख्य गोळी क्लोरथॅलिडोन. साठच्या दशकातली, जुनी, स्वस्त. असल्या गोळीवर कोण बंगले बांधणार?

बरं, कंपन्यांबद्दल अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. सीमारेषा खरंच हलल्या. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ मध्ये १३०/८० पासूनच ‘उच्च रक्तदाब’ म्हणायला सुरुवात केली आणि एका रात्रीत तिथले कोट्यवधी लोक त्या व्याख्येत आले. त्यावर डॉक्टरांमध्येही वाद झाले, व्हायलाच हवेत. पण आपल्याकडे साधारणपणे १४०/९० हीच रेघ धरतात. वाद १३० की १४० असा आहे. १६८ वर कोणाचाच वाद नाही. आणि १२०/८० च्या जरा वर गेलात म्हणून लगेच कोणी गोळी हातात ठेवत नाही. आधी मीठ, वजन, चालणं यावरच बोलतात.

“त्रास होत नाही म्हणजे बीपी नाही.” हे तर उलटंच. बहुतेकांना काही म्हणजे काही जाणवत नाही, म्हणून तर मोजायचं. डोकं दुखलं की गोळी, थांबलं की बंद, असा कारभार घरोघरी चालतो. डोकं ॲसिडिटीनेही दुखतं.

सैंधवाबद्दल जरा थांबायला हवं, कारण हे मावशीच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचलंय. गॅसशेजारी गुलाबी मिठाची बरणी आली आहे आणि ‘हे नैसर्गिक’ म्हणून वरणात, ताकात, पेरूच्या फोडींवर सढळ हाताने पडतंय. सैंधव हेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराईडच. रंग देणारे बाकीचे क्षार नखाएवढे. रक्तदाबाला सोडियमशी देणंघेणं, ते डोंगरातून आलं की मिठागरातून याच्याशी नाही. वर त्यात बहुतेकदा आयोडीन घातलेलं नसतं, तो तोटा वेगळाच. जागतिक आरोग्य संघटना सांगते दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, ब्रेड, सॉस सगळं आलं. कोशिंबिरीत वरून मीठ न घेणं आणि जेवणातला रोजचा पापड सोडणं हे बरणी बदलण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचं.

मिठाचा प्रकार बदलायचाच असेल तर सोडियम कमी, पोटॅशियम जास्त असं मीठ मिळतं. चीनमधल्या ६०० गावांत त्याचा मोठा अभ्यास झाला, २०२१ मध्ये निकाल आले आणि पक्षाघात खरोखर कमी झाले. पण किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. तेव्हा हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

लसूण खा, चटणीत छान लागते. गोळीची जागा ती घेत नाही. दुधीच्या रसाचं मात्र गंभीरपणे सांगतो. ठाण्यातल्या कचराळी तलावाला फेऱ्या मारून आलेल्यांना कारलं-दुधी-आवळ्याचे हिरवे ग्लास रिचवायची भारी हौस. दुधी कडू निघाला तर त्याचा रस विषारी असतो, त्याने उलट्या, रक्तस्राव आणि मृत्यूही झालेले आहेत. आयसीएमआरने, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, त्यावर समिती नेमून लोकांना सावध केलं होतं. एक घोट कडू लागला तर थुंकून टाका, ‘औषध कडूच असतं’ म्हणत गिळू नका. फेऱ्या मात्र जरूर मारा. आठवड्याला दीडशे मिनिटं, जरा दम लागेल अशा चालीने. गप्पा मारत रेंगाळणं त्यात धरत नाहीत. वजन जास्त असेल तर किलोमागे साधारण एकेक पॉइंट उतरतो, हेही खूप झालं. काहींच्या गोळ्या अशाने कमीही होतात, पण डॉक्टर कमी करतात तेव्हा.

राहिलं किडनीचं. किडनी खराब करतं ते वर्षानुवर्षं चढलेलं बीपी. काही गोळ्या घेताना अधूनमधून रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासावं लागतं हे खरं, तेवढं करा. गोळ्यांचे त्रासही असतात, नाही कशाला म्हणू? अॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने काहींच्या घोट्याशी सूज येते, काही गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो. आणि खोदून विचारल्यावर कळलं, मावशीचं मूळ दुखणं ही सूजच होती. संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतायचा. डॉक्टरांना सांगायचा संकोच, म्हणून मेसेज सोयीचा वाटला. काल तिला दवाखान्यात नेलं. मशीनचा पट्टा बाहीवरून गुंडाळायचा नाही, आधी पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, न बोलता बसायचं, हे तिथल्या सिस्टरने शिकवलं. तसं मोजून १६२ आलं. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली आणि दोन आठवड्यांनी बोलावलंय.

तिच्यासारखी तुमच्या घरातही कोणी गोळी परस्पर बंद केली असेल तर पाकीट घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. काही गोळ्या, उदाहरणार्थ अॅटेनोलॉल किंवा क्लोनिडिन, एकदम थांबवल्या की बीपी उसळी मारतं. आणि चुकलेल्या भरून काढायला एकदम दोन-दोन घेऊ नका.